एकदा अर्धवट राहिलेली अँजिओग्राफी दुसऱ्यांदा कशी पार पडली: कॅथलॅबमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पेशंट बाई, वय ६४, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खेड्यातल्या, वजन जेमतेम ४३ किलो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो तर इथेही आक्काच म्हणते. आयुष्यभर चुलीवर स्वयंपाक केलेला, त्यामुळे एकही विडी न ओढता फुप्फुसं सीओपीडीची (श्वासनळ्या कायमच्या आवळून बसण्याचा आजार) झालेली, इनहेलर चालू, जिना चढला की धाप.

दोनेक महिन्यांपूर्वी छातीत दुखलं म्हणून दुसऱ्या एका हॉस्पिटलला उजव्या मनगटातून अँजिओग्राफी (हृदयाच्या शिरा एक्स-रेवर बघायची तपासणी) करायला घेतलं होतं, पण हाताची शीर आवळली, स्पॅझम आला, कॅथेटर, म्हणजे आत सरकवायची बारीक नळी, पुढेही जाईना आणि मागेही नीट येईना, आक्कांनी ओरडून हात ओढला आणि प्रोसिजर तिथेच सोडून द्यावी लागली. नंतर बरेच दिवस हात कोपरापर्यंत काळानिळा. घरी गेल्या त्या परत कुठल्या डॉक्टरकडे जायला तयार नाहीत.

मग एका रात्री पुन्हा छाती दाटली, घाम फुटला, तेव्हा आमच्याकडे आणलं. रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते) वाढलेलं, ईसीजीत बदल. आयसीयूत औषधांवर त्या स्थिर झाल्या पण हार्ट अटॅकच होता, छोटा असला तरी. सरांचं, म्हणजे आमच्या हृदयरोगतज्ज्ञांचं, म्हणणं, एक-दोन दिवसांत अँजिओग्राफी करायची आणि ब्लॉक दिसला तर त्याच बैठकीत स्टेंट (शीर उघडी ठेवणारी जाळी) टाकायचा. आक्कांचं म्हणणं, "गोळ्या काय द्यायच्या त्या द्या, पण त्या गार खोलीत मी न्हाई येणार."

अडचण नेमकी काय होती

बाहेरच्या माणसाला वाटेल की पेशंट घाबरलाय, एक इंजेक्शन देऊन झोपवा आणि काम उरका. इथे ते दोन बाजूंनी अडत होतं.

एक म्हणजे शीर. मनगटातली रेडियल आर्टरी लहान असते पण तिच्या भिंतीत स्नायू भरपूर, आणि तो स्नायू अ‍ॅड्रिनलिनला लगेच प्रतिसाद देतो. पेशंट घाबरला की अ‍ॅड्रिनलिन वाढतं, शीर आवळते, आवळलेल्या शिरेत कॅथेटर घासला की दुखतं, दुखलं की भीती अजून वाढते. बारीक अंगाच्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं. म्हणजे आक्कांची भीती कमी करणं हे नुसतं माणुसकीचं काम नव्हतं, प्रोसिजर होणार की नाही ते त्यावरच ठरणार होतं.

दुसरं फुप्फुसं. कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी आणि स्टेंटचं काम होतं त्या खोलीत, नेहमीचं शस्त्र म्हणजे गुंगीचं मिडाझोलाम आणि दुखणं मारणारं फेंटानिल. आक्कांच्या ब्लड गॅसमध्ये, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीत, कार्बन डायऑक्साइड आधीच ५२, म्हणजे चढाच. अशा पेशंटला गुंगी जरा जास्त झाली की श्वास मंदावतो, कार्बन डायऑक्साइड अजून साठतो, आणि मग टेबलवरच मास्क लावत बसा. शिवाय आम्हाला पेशंट जागा हवा असतो, "श्वास घ्या, धरा" म्हटल्यावर धरायला. हृदयाच्या शिरेतली पहिली बलून अँजिओप्लास्टी (आत फुगा फुगवून ब्लॉक उघडणं) १९७७ च्या सप्टेंबरात झुरिकला ग्रुंटझिग यांनी केली तेव्हासुद्धा पेशंट जागाच होता. तर जाग्या माणसाला त्या टेबलवर कसं सांभाळायचं हा प्रश्न या कामाच्या जन्मापासूनचा आहे, फक्त त्यावर आपण वायर आणि स्टेंटइतका विचार करत नाही.

कोणते पर्याय होते

मांडीतून करायचं, म्हणजे फेमोरल. शीर मोठी, स्पॅझमचा त्रास नाही. पण नंतर काही तास पाय सरळ ठेवून आडवं पडायचं आणि आक्का घरीसुद्धा दोन उशा घेऊन अर्ध्या बसून झोपतात, वर रक्त पातळ करायची औषधं चालू, वजन कमी, म्हणजे मांडीतून ब्लीडिंग झालं तर ते महागात जाणार. हा पर्याय शेवटचा म्हणून ठेवला.

सीटी अँजिओ, म्हणजे स्कॅनमधूनच शिरा बघणं, करूया का असं मुलाने विचारलं, त्याने मोबाईलवर वाचलं होतं. प्रश्न चुकीचा नव्हता. पण अटॅक येऊन गेलेला, ट्रोपोनिन वाढलेलं, अशा ठिकाणी सीटीत ब्लॉक दिसला तरी स्टेंटसाठी परत कॅथलॅबमध्ये यायचंच होतं, म्हणजे डाय (शिरा दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध) दोनदा आणि भीतीसुद्धा दोनदा.

भूल देऊन करायचं? भूलतज्ज्ञ मॅडमनी फुप्फुसं बघून सरळ सांगितलं की यासाठी व्हेंटिलेटरची जोखीम घ्यायला त्या तयार नाहीत.

उरला डाव्या मनगटातून रेडियल, पातळ भिंतीचं शीथ (शिरेत बसवायची आखूड नळी, जिच्यातून कॅथेटर जातो) वापरून, ज्याचं आतलं माप सहा फ्रेंचच्या शीथचं पण बाहेरची जाडी नेहमीच्या पाच फ्रेंचच्या शीथइतकीच (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप), आणि गुंगीचं औषध हाताशी पण शक्यतो बंद. भीती आणि दुखणं मुख्यतः औषधाशिवाय सांभाळायचं. इथे एक स्पष्ट करते, औषधाशिवाय म्हणजे लोकल अ‍ॅनेस्थेशिया द्यायचाच नाही असलं काही नाही. जागा बधिर करायचं इंजेक्शन आणि शीर मोकळी करायचं नायट्रोग्लिसरीन हे ठरलेलंच होतं.

औषधाशिवायच्या उपायांतही निवड करावी लागलीच. लॅव्हेंडरच्या वासाबद्दल बरंच लिहिलं जातं पण सीओपीडीच्या पेशंटला कुठलाही उग्र वास नको. व्हीआर गॉगलचा विषय एका ज्युनियरने काढला, आमच्याकडे तो नाही आणि असता तरी डोळे झाकून घ्यायला आक्का तयार झाल्या नसत्या. मनगटावरचा अ‍ॅक्युप्रेशर पॉइंट म्हणावा तर एका मनगटात आमचं शीथ आणि दुसऱ्यात सलाईन. राहिलं संगीत. त्याला आधार चांगला आहे, हृदयरोग्यांवरच्या २६ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१३ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने घेतला त्यात संगीताने चिंता थोडी पण खरोखर कमी होते असं दिसलं, आणि गाणं पेशंटने स्वतः निवडलेलं असेल तर जास्त. म्हणून आम्ही हेडफोन लावायचं जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

आदल्या संध्याकाळी

मी आयसीयूत त्यांच्याजवळ स्टूल घेऊन बसले. विचारायचं एकच ठरवलं होतं, मागच्या वेळी सगळ्यात वाईट काय होतं? मला वाटलं होतं त्या म्हणतील सुई, नाहीतर हाताची कळ.

त्यांनी सांगितलं ते असं. सकाळपासून उपाशी ठेवलं, नंबर दुपारी लागला. गाऊन घातला, तो मागून उघडा, खोलीत सगळे बाप्ये. टेबलवर घेतल्या घेतल्या लघवीला लागली पण सांगायचं कुणाला, आणि सगळा वेळ ती धरून पडल्या होत्या. थंडीने दात वाजत होते. हात पट्टीने बांधला. मग सगळे एकदम इंग्रजीत भराभर बोलायला लागले, एकाचा आवाज चढला, तेव्हा त्यांना वाटलं आपण आता गेलो. आणि हे सगळं काय करणार आहेत ते आधी मुलाला समजावलं होतं, सही पण त्याचीच घेतली होती, आक्कांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.

यातल्या एकाही गोष्टीवर फेंटानिल हे उत्तर नाही.

हेडफोनचं विचारलं तर हात झटकून म्हणाल्या, "कानात बोळं घालून पडू व्हय? मला ऐकू आलं पाहिजे काय चाललंय ते." तिथेच आमचा प्लॅन बदलला. अभ्यास सरासरीचे असतात आणि समोर आक्का होत्या. गाणं नको पण कोणीतरी बोलत राहिलेलं चालेल का विचारलं तर म्हणाल्या चालेल की.

मग बोलण्यासाठी एक सिस्टर रिकामी ठेवायची ठरलं, म्हणजे तिने ट्रे लावायचा नाही, नोंदी करायच्या नाहीत, फक्त डोक्याशी उभं राहायचं. यावर थोडी वादावादी झाली, कारण आमच्याकडे एका केसला दोनच नर्सिंग स्टाफ असतात आणि इनचार्जचं म्हणणं की माणूस नुसता गप्पा मारायला उभा करणं परवडत नाही. सरांनी बाजू घेतली म्हणून जमलं. त्यांना एल्विरा लँग यांचा २००० सालचा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास माहीत होता, २४१ पेशंट, रक्तवाहिन्या आणि किडनीच्या प्रोसिजर, एका गटाला नेहमीसारखं, एका गटाजवळ ठरवून लक्ष देणारा माणूस, आणि एका गटाला त्याबरोबर स्वतःला शिथिल करायचं संमोहनाचं तंत्र. नेहमीच्या गटात वेळ जाईल तसं दुखणं वाढत गेलं, शिथिल गटात ते वाढलं नाही, आणि त्यांची प्रोसिजर सरासरी ७८ च्या जागी ६१ मिनिटांत झाली. "एक सिस्टर उभी केली तर वेळ जातो असं कोण म्हणतं," एवढंच सर म्हणाले.

श्वासाचं शिकवायला गेले तर आक्काच पुढे. सीओपीडीमुळे ओठांचा चंबू करून श्वास सोडायचं फिजिओने शिकवलं होतं पण ते त्या कधी करत नव्हत्या. मी म्हटलं, चूल पेटत नसली की फुंकणीने कसं फुंकता, तसं, पण हळू आणि लांब. ते लगेच जमलं. ज्या चुलीने फुप्फुसं घालवली तिचीच फुंकणी कामाला आली. सुई टोचताना फुंकायचं ठरलं.

दुखणं किती ते शून्य ते दहात सांगा म्हटलं तर त्यांना काही केल्या समजेना, दर वेळी "लई" एवढंच. शेवटी विचारलं, रुपयातले किती आणे? "आत्ता चार आणे," लगेच उत्तर. मग सगळ्यांनी आण्यातच विचारायचं ठरवलं.

उजव्या हातात एक मऊ रबरी चेंडू द्यायचा, तो दोनदा दाबला की सर थांबणार. आणि एक गोष्ट मुद्दाम उलटी सांगितली, छातीत दाटलं, जबड्यात ओढलं, तर लगेच तोंडाने सांगायचं, तिथे सोसायचं नाही.

बांगड्यांचा प्रश्न आम्हाला कोणालाच सुचला नव्हता. डावा हात वापरायचा म्हणजे त्या हातातला हिरवा चुडा काढायचा, आणि मालक हयात असताना चुडा उतरवायचा म्हटल्यावर आक्का रडायलाच लागल्या. रात्रपाळीचा ब्रदर कात्री घेऊन आला होता, त्याला परत पाठवलं. सुनेने साबण लावून एकेक बांगडी न फोडता काढली, मनगटात लाल दोरा बांधायला मागितला तो प्रोसिजरच्या वेळी कोपराच्या वर सरकवला, उजव्या हातातल्या तशाच ठेवल्या. त्याला वीस मिनिटं लागली असतील. माझ्या मते त्या वीस मिनिटांनी जे केलं ते दुसऱ्या दिवशीच्या कुठल्याच गोष्टीने केलं नाही, कारण त्यानंतर आक्का पहिल्यांदा म्हणाल्या, "बरं, या मग सकाळी." अंगठाही त्यांनीच उठवला, सर त्यांच्याशी बोलल्यावर.

टेबलवर

न्यायच्या आधी बाथरूमला नेऊन आणलं, आत बेडपॅन आहे आणि बाईच देणार आहे हेही सांगितलं. गाऊन उलटा, म्हणजे उघडी बाजू पुढे, वर चादर. डोक्याखाली जाड उशी, गुडघ्याखाली लोड, अंगावर ब्लँकेट. डाव्या हाताला दहा मिनिटं कोमट पॅक, आधी आपल्या हाताला लावून बघितलेला, कारण भाजलं तर वेगळंच प्रकरण. उष्णतेने शीर थोडी फुगते आणि पंक्चर सोपं जातं. हात बांधला नाही, उशीवर ठेवून पोटाकडे वळवला.

खोलीत एकच आवाज, हा नियम. पेशंटशी फक्त डोक्याशी उभी असलेली सिस्टर आणि सर बोलणार, बाकीच्यांनी हळू.

शब्दांचंही ठरवलं होतं. आपल्याकडे सुई टोचताना "मुंगी चावल्यासारखं होईल हं, घाबरू नका, थोडंच दुखेल" म्हणायची सवय असते, मीही वर्षानुवर्षं म्हणत आलेय. पण लँग यांच्याच गटाने पुढे व्हिडिओ बघून दाखवलं की दुखेल अशी सूचना दिली की पेशंटला दुखणं आणि चिंता दोन्ही जास्त जाणवतात, आणि नंतर "दुखलं ना" म्हणून सहानुभूती दाखवली की दुखणं नाही तरी चिंता वाढते. खोटंही बोलायचं नाही. म्हणून "आता गार लागेल, स्पिरिट आहे", "आता जागा बधिर करायचं औषध जातंय, फुंकणी लावा". पंक्चर पहिल्याच वेळी मिळालं. आणे विचारले तर चार.

सिस्टरने त्यांना घरापासून मळ्यापर्यंतच्या वाटेने न्यायला सांगितलं. आक्का सांगू लागल्या, आधी म्हशीचा गोठा, मग चिंच, मग ओढा, ओढ्याला पाणी असलं तर चप्पल हातात घ्यायची. मॉनिटरवर नाडी १०८ वरून ९० च्या खाली आली. पेशंटला शांत करायला मनाने दुसरीकडे नेतात ते हे कल्पनाचित्रच आहे, फक्त कॅसेटमधल्या समुद्रकिनाऱ्याऐवजी त्यांच्या स्वतःच्या पायाखालचं.

कोपराच्या वर कॅथेटर अडला. आक्का बोलायच्या थांबल्या, चेंडू दोनदा दाबला. "दहा आणे." इथे पहिला निर्णय. मागच्या वेळी नेमकं इथेच जोर लावला गेला असणार. सरांनी हात काढून घेतले, शीथमधून नायट्रोग्लिसरीन दिलं, दंडावर परत कोमट पॅक, आणि सगळे गप्प उभे राहिलो. तीन-चार मिनिटं. कॅथलॅबमध्ये काही न करता चार मिनिटं उभं राहणं किती जड जातं ते तिथे काम केलेल्यालाच कळेल. मग पातळ वायरवरून कॅथेटर सहज गेला. नायट्रोने गेला, थांबल्याने गेला की गरम पॅकने, हे मला सांगता येणार नाही, तिन्ही एकत्र केलं होतं.

डाय सोडायच्या आधी सांगितलं की अंगात ऊब पसरेल आणि लघवी झाल्यासारखं वाटेल पण तशी होत नाही. हे न सांगितल्याने किती पेशंट टेबलवर शरमेने दचकतात!

एलएडीत, म्हणजे हृदयाच्या पुढच्या मुख्य शिरेत, मोठा ब्लॉक होता. बलून फुगवल्यावर आक्का म्हणाल्या, "छातीत दाटलं." सिस्टरने सवयीने फुंकणीची आठवण केली, आणि सरांनी लगेच अडवलं, कारण हे भीतीचं दुखणं नव्हतं, शीर बंद झाल्याचं होतं, ईसीजीतली एसटी रेषाही बदललेलीच. बलून सोडला, दाटणं गेलं. या कामातली सगळ्यात सावध राहायची जागा हीच. शांत करण्याच्या नादात खरी तक्रार दाबली जाऊ नये. दुसऱ्यांदा फुगवताना दाटणं जरा लांबलं आणि चेहरा पांढरा पडला, तेव्हा फेंटानिल २५ मायक्रोग्रॅम दिलं, श्वासावर लक्ष ठेवून. औषधाविना पार पाडायचा हट्ट कोणाचाच नव्हता.

निकाल

एक स्टेंट, रक्तप्रवाह पूर्ण. हात ओढला नाही, मिडाझोलाम लागलं नाही, नंतरच्या ब्लड गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड जिथे होता तिथेच. बाहेर काढताना विचारलं तर "दोन आणे, ते पण पाठीत."

पण त्या दिवसातलं सगळ्यात जास्त दुखणं वॉर्डात झालं. मनगटावर रक्त थांबवायला हवेचा पट्टा लावतात, तो हळूहळू सैल करायचा असतो, आणि वॉर्डात त्या वेळी दोन अ‍ॅडमिशन एकदम आलेल्या. आक्कांची बोटं बधिर झाली, ठणका लागला, चौदा आणे. चेंडू कॅथलॅबमध्येच राहिला होता आणि आण्यांचं वॉर्डातल्या कोणाला माहीत नव्हतं. त्या कळवळून सांगत होत्या ते नव्या सिस्टरला "पेशंट अँक्शस आहे" असं वाटलं. सुनेने येऊन कॅथलॅबचं दार वाजवलं तेव्हा पट्टा सैल झाला. चौथ्या दिवशी घरी गेल्या, मनगटावर लहानसा डाग सोडला तर हात स्वच्छ.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी नंबर. आक्कांना पहिलं घ्यायचं म्हणून ठरलं होतं पण महात्मा फुले योजनेची मंजुरी यायची होती आणि मध्येच एक इमर्जन्सी आली, त्यामुळे आठची केस साडेअकराला लागली. मंजुरी आदल्या दिवशी दुपारीच पाठवली असती तर निदान एक कारण कमी झालं असतं. तोवर उपाशी ठेवलं होतं, ते तरी इतकं कडक हवं होतं का यावर सरांशी बोलणं झालं आणि आता कॉरोनरीच्या प्लॅन केसेसना हलका नाश्ता आणि पाणी द्यायला त्यांनी सुरुवात केलीय, पेशंट बघून.

वॉर्डचं हँडओव्हर हे दुसरं. आमची योजना कॅथलॅबच्या दारापाशी संपत होती आणि पेशंटचं दुखणं तिथे संपत नाही. आता केसपेपरच्या वरच एक चिठ्ठी लावतो: दुखणं कसं मोजायचं, कशाची भीती आहे, पट्टा किती वाजता सैल करायचा.

फेंटानिल थोडं आधी द्यायला हवं होतं का? भूलतज्ज्ञ मॅडमचं मत हो, पहिल्या बलूनच्या आधीच, कारण ते दुखणं येणार हे माहीत होतं. सरांचं मत नाही, दाटलं की नाही हे त्यांना पेशंटकडून ऐकायचं होतं. मला मॅडमचं पटतं, पण २५ मायक्रोग्रॅमने कोणाची तक्रार झाकली जात नाही हे मी ठामपणे म्हणू शकत नाही.

सून कन्सोल रूममध्ये काचेमागे बसून माइकवरून बोलली असती तर? हे नंतर सुचलं. एका तरुण पेशंटच्या बायकोला तसं बसवून बघितलं, तिथे ती स्वतःच स्क्रीन बघून रडायला लागली, त्यामुळे सरसकट नाही.

आणि रात्री दोनला मोठा अटॅक येतो तेव्हा यातलं बहुतेक जमत नाही, स्टुलावर बसून बोलायला कोणाला वेळ असतो. तेव्हा आम्ही चारच गोष्टी धरतो. ब्लँकेट, लघवीचं विचारणं, पेशंटशी बोलणारा एकच आवाज, आणि छातीत वाढलं तर सांगा हे सांगणं. बांगड्यांसाठी आता ट्रॉलीत साबणाच्या पाण्याची बाटली असते, कात्री त्याच्या खालच्या कप्प्यात.